चातुर्मास चिंतन : कांडण, बांगड्या आणि आमच्या घरची अडगळ



आजचा भाग : एकनाथी भागवत, अध्याय ९. अवधूताचे गुरू, त्यांतली कुमारी.

तीन दिवसांपासून गोंदियात झड लागली आहे. झड हा शब्द पुण्यातल्या टीममध्ये मला दरवर्षी समजावून सांगावा लागतो. सर येते आणि जाते. झड लागली की सूर्य कुठल्या बाजूला उगवतो हेही विसरायला होतं. घरात आडव्या-उभ्या दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत, त्यांना तो ओळखीचा कुबट वास येतोय. मागच्या खोलीवर अजून कवेलू आहेत. तिथे दोन ठिकाणी गळतं, म्हणून एका जागी गंज आणि दुसऱ्या जागी बादली ठेवली आहे.

काल शनिवार होता. ऑफिस नव्हतं आणि दहालाच लाइट गेली. गेला महिनाभर मी आईकडे राहून वर्क फ्रॉम होम करतोय. सकाळी पूजा झाल्यावर नेहमीसारखा नाथांच्या भागवताचा भाग आईला मोठ्यानं वाचून दाखवला आणि जाहीर केलं, "आज घर आवरायचं." बाबांना जाऊन तीन वर्षं होत आली. त्यांची ट्रंक, माझी इंजिनीअरिंगची पुस्तकं, माळ्यावरची भांडी, सगळं जिथल्या तिथे होतं.

दिवसभरात तीन पोती भरली. पण सगळ्यात जड वस्तू संध्याकाळी सापडली आणि ती घरातल्या कुठल्याच खोलीत नव्हती. ते सांगतोच. आधी आजचा भाग नीट समजून घेऊ.

थोडा संदर्भ

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात ३१ अध्याय आहेत. त्यांतल्या मोठ्या भागात श्रीकृष्ण निजधामाला जाण्यापूर्वी उद्धवाला उपदेश करतात. या स्कंधावर एकनाथ महाराजांनी मराठीत अठरा हजारांहून जास्त ओव्यांची टीका लिहिली. नाथ पैठणचे, पण हा ग्रंथ पूर्ण झाला काशीत, १५७३ साली. चातुर्मासात अनेक घरांत याचं वाचन असतं. आमचंही चालू आहे, रोज झेपेल तेवढं.

सातव्या अध्यायात यदुराजा एका अवधूताला गाठतो. विचारतो की सगळं जग इच्छांच्या आगीत होरपळतंय, तुझ्याजवळ तर काहीच नाही, मग तू एवढा आनंदात कसा? अवधूत म्हणतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, मधमाशी, अजगर अशी ती यादी नवव्या अध्यायापर्यंत चालते.

नववा अध्याय उघडतो कुरर पक्ष्यानं. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो, म्हणून दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा सोडून देतो आणि त्याच क्षणी सुटतो. डिक्लटरिंगचे व्हिडिओ बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा गुरू लगेच आवडतो. सोडा आणि सुटा! काल सकाळी मीही त्याच जोशात होतो. मला थांबवलं ते थोडं पुढे येणाऱ्या कुमारीनं.

कुमारीची गोष्ट

एका मुलीला मागणी घालायला पाहुणे येतात. घरची माणसं बाहेर गेलेली. ती एकटीच त्यांचं स्वागत करते, बसवते. आता त्यांना जेवू घालायचं, तर घरात तांदूळ तयार नाही, धान आहे. ती आत एकांतात जाऊन धान कांडायला बसते. हातात शंखाच्या बांगड्या. मुसळ वर-खाली होतं तशा त्या खणखणतात.

तिला वाटतं, हा आवाज बाहेर गेला तर पाहुण्यांना कळेल की या घरात सोयरे आल्यावर कांडण काढावं लागतं, आणि तेही मुलीला. मग ती एकेक बांगडी काढते. दोन्ही हातांत दोन-दोन उरतात, तरी आवाज येतोच. तेव्हा दोन्ही हातांतली आणखी एकेक काढते. आता एकेकच उरते. आवाज थांबतो. कांडण चालू राहतं.

तिथून जाणारा अवधूत हे बघतो आणि शिकतो की पुष्कळ जण एकत्र राहिले की कलह होतो, दोघं राहिले तरी बोलाचाली होते, म्हणून त्या एकट्या बांगडीसारखं राहावं.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात ही गोष्ट वेगळीच भिडते. हा धानाचा मुलूख. आता कोपऱ्याकोपऱ्यावर राइस मिल आहे, पण आईच्या लहानपणी घरोघरी उखळ-मुसळ होतं, काही घरी ढेकी होती. ती सांगते की आवाजावरून शेजारणीला कळायचं, आज कोणाच्या घरी किती कांडलं. एक पायली की ओंजळभर. म्हणजे त्या मुलीची लाज खोटी नव्हती. मुसळाचा आवाज लपत नाही, पण कांडण चालू असल्याचा पुकारा करणाऱ्या बांगड्या तरी तिच्या हातात होत्या.

आणि हो, आई कधी "बांगडी फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणते. लहानपणी मला हसू यायचं. कमी झाली तरी वाढली कशी? काल ते थोडं उमगलं.

माझा नियम आणि आईचं सूप

मी इंजिनीअर माणूस. कामाला लागण्याआधी नियम ठरवला : जी वस्तू वर्षभरात वापरली नाही, ती बाहेर. माळ्यावर चढलो आणि सुरू झालो. कान तुटलेल्या कढया, कॅसेटींचा खोका, लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा. एक पोतं भरलं, दुसरं भरलं. दुसऱ्या पोत्यात एक सूपही टाकलं. त्याच्या कडा उसवल्या होत्या आणि मधे कागदाच्या लगद्यानं लिंपलेलं होतं. घरात प्लास्टिकचं नवं सूप आहे, मग हे कशाला?

अर्ध्या तासानं खाली उतरलो तर आई पोत्याजवळ बसलेली. काही बोलली नाही. सूप काढलं, पदरानं पुसलं आणि बाजूला ठेवलं.

मी म्हणालो, "आई, ते कामाचं नाही आता."

"मले माहीत हाये."

"मग ठेवतेस कशाला?"

तिनं मला विचारलं, "सकाळी तू वाचलं ना बाबू, त्या पोरीनं बांगड्या काढल्या. कोणाच्या हातातल्या काढल्या?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

ते सूप तिच्या आईनं लिंपलेलं आहे, हे मला छत्तिसाव्या वर्षी काल कळलं. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो की एखादं फंक्शन निरुपयोगी दिसलं तरी त्याला कोण कॉल करतंय हे बघितल्याशिवाय उडवायचं नाही. घरात मात्र थेट डिलीट मारत होतो.

दोन्ही पोती पुन्हा उघडली. या वेळी आईला मधे बसवलं आणि एकेक वस्तू तिच्या हातात दिली. गंमत बघा, तिनं माझ्यापेक्षा जास्त वस्तू काढून टाकल्या. कढया दिल्या, पत्रिका दिल्या, वीस वर्षं जपलेला स्टीलचा डबाही शेजारच्या नव्या सुनेसाठी बाजूला काढला. ठेवलं फक्त सूप आणि एक पितळी तांब्या. विचारलं असतं तर अर्धा तास आणि एक अबोला वाचला असता.

आता मुद्द्याकडे : या गोष्टीतून तीन धडे

१. आवरायचं ते आपल्या हातातलं. कुमारीनं पाहुण्यांना "हळू बोला" म्हटलं नाही, घरच्यांच्या नावानं बोटं मोडली नाहीत. आवाज जिथून येत होता, ते आपलेच हात होते. आपण साधना सुरू करतो आणि आठवड्याभरात बायकोचं कपाट, रूममेटचं वागणं, आईची जुनी भांडी आपल्याला खुपायला लागतात. स्वतःच्या टेबलाचा खण मात्र बंदच असतो. वैराग्य दुसऱ्याच्या वस्तूंवर दाखवायला फार सोपं असतं.

२. एकेक करून, कान देऊन. तिनं सगळ्या बांगड्या एकदम काढल्या नाहीत. काढली, ऐकलं, परत काढली, परत ऐकलं. आणि शेवटी हात मोकळे केले नाहीत, एकेक ठेवली. म्हणजे सगळं फेकणं हा उपदेश नाही. आवाज थांबला की थांबायचं. आईचा पितळी तांब्या ही तिची उरलेली बांगडी. ती खणखणत नाही, मग राहू दे.

३. हे सगळं चाललं होतं कांडणासाठी. हा धडा माझ्याकडून दरवर्षी निसटत होता. ती मुलगी शांतता मिळावी म्हणून बसली नव्हती. पाहुण्यांच्या ताटात भात पडावा म्हणून बसली होती. घरची अब्रूही सांभाळत होती. हल्ली आपलं डिक्लटरिंग बहुतेक वेळा "माझी स्पेस, माझी मनःशांती" इथेच संपतं. बांगड्या काढल्या, आवाज गेला, पण कांडण कुठाय? आवरून मोकळा झालेला हात कोणाच्या ताटासाठी चालणार आहे, हे विचारायलाच हवं.

इथे एक शंका येईल. अवधूत तर सरळ "एकटं राहा" असं शिकतो. खरं आहे. तो संन्यासी, त्याच्या वाटेला तो अर्थ शोभतो. पण त्या आधारावर कोणी "टॉक्सिक माणसं काढून टाका" असं स्टेटस ठेवणार असेल, तर त्यानं गोष्ट परत वाचावी. तिनं बांगड्या कमी केल्या, पाहुणे नाही. आपण संसारी माणसं. आपल्याला माणसांतच राहून आवाज कमी करायचाय.

सांदवाडीतलं टायर

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा मागे सांदवाडीत गेलो. तिथे माझ्या कॉलेजच्या स्कूटरचं जुनं टायर, रंगाची रिकामी बादली आणि दोन फुटक्या कुंड्या होत्या. स्कूटर कधीच विकली, टायर ठेवलं होतं "कामात येईल" म्हणून. आत पाणी साचलेलं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून कड घासावी लागते. बादली घासली, कुंड्या पालथ्या केल्या, टायर कोरडं करून कबाड्यासाठी व्हरांड्यात ठेवलं.

तिथे उकिडवा बसून घासताना वाटलं की परिग्रह ही आपली खाजगी बाब आहे असं आपण समजतो. माझी वस्तू, माझी जागा, कोणाला काय त्रास? पण टायर माझं होतं आणि डास सगळ्या गल्लीचे. शेजारच्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे.

माझ्या स्वतःच्या खणातून निघालं ते असं : अकरा चार्जर, त्यांतले चालणारे तीन. फुगलेली एक पॉवर बँक, ती पोत्यात टाकली नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे देणार आहे, कारण फुगलेली बॅटरी दाबली गेली तर पेट घेऊ शकते. पहिल्या नोकरीतली आयकार्डं. आणि बरी पुस्तकं आठ-दहा, ती इथल्याच एका डिप्लोमाच्या मुलाला देतोय. एवढं करून हात झटकले आणि बाबांच्या ट्रंकेकडे वळलो.

ट्रंक

बाबा राइस मिलमध्ये मुनीम होते. आयुष्यभर दुसऱ्यांची देणी-घेणी लिहिली. ट्रंकेत मिलकडून दर दिवाळीला मिळालेल्या डायऱ्या होत्या, वर्षावार लावलेल्या. मला वाटलं, यात घरचा हिशोब असेल. कोणाला किती दिले, कोणाकडून यायचे आहेत. उघडून बघितलं तर तारखा आणि पाऊस. आज पऱ्हे टाकले. आज रोवणी संपली. आज अमुक आला, जेवून गेला. पैशाचा आकडा जवळपास नाहीच.

आईला विचारलं, "बाबांनी कोणाला उसने दिलेच नाहीत का?"

"दिले ना. लय लोकायले दिले."

"मग लिहिले नाहीत?"

"मिलमधून आले का पेन खिशातून काढून त्या आळ्यात ठेवायचे. म्हणायचे, दिवसभर उधारीच लिहिली, आता घरी नाही लिहीत."

मी ट्रंकेपाशी बराच वेळ बसून राहिलो. कारण मी लिहितो.

माझ्या ड्राइव्हवर एक शीट आहे. नाव "बाबा – हॉस्पिटल". तीन वर्षांपूर्वी बाबा नागपूरला ॲडमिट होते, तेव्हाचा सगळा खर्च त्यात आहे. तपासण्या, औषधं, खोली, तारीखवार. खर्च मी केला. पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाला होता, "अर्धे माझे." दादा आमगावजवळ आमची शेती बघतो. पुढे एका वर्षी कापणीच्या वेळी पाऊस आला आणि कापलेलं धान बांधीतच भिजलं. त्यानं जमेल तसे थोडे दिले, बाकीचे राहिले. शीटच्या शेवटच्या ओळीत पिवळ्या रंगात आकडा आहे : दादाकडून येणं, १,८४,०००.

मी कधी मागितले नाहीत. त्याचा मला अभिमानही होता. पण दादाचा फोन आला की तो आकडा आधी वाजायचा. त्यानं नवी मोटर बसवली म्हटलं, वाजला. पुतणीला ट्यूशन लावली म्हटलं, वाजला. आम्ही बोलायचो पाऊस, धान, आईचं बीपी, आणि मधे सतत ती दुसरी बांगडी खण, खण. दादाला ती ऐकू येत नसेल असं मी समजत होतो. पण तीन वर्षांत त्याचे फोन कमी होत गेले, म्हणजे येतच असणार.

काल ती शीट उघडली. पहिल्यांदा मी ती हिशोब म्हणून न बघता डायरीसारखी वाचली. ४१ दिवस. मी शनिवार-रविवारी पुण्याहून यायचो. उरलेल्या रात्री वॉर्डबाहेर चटई टाकून कोण झोपायचं? दादा. बाबांना कूस बदलून कोण द्यायचं, पहाटे डॉक्टरांच्या मागे कोण धावायचं? दादा. त्या वर्षी रोवणीच्या वेळी तो शेतावर नव्हता. मी ४१ दिवसांची एकेक पावती चढवली होती. दादाच्या रात्रींचा कॉलमच नव्हता.

इंद्रायणीचा तळ

तुकाराम महाराजांच्या चरित्रात एक प्रसंग परंपरेनं सांगितला जातो. घरची सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, त्याची खतं घरात होती. दुष्काळात घर कोसळलं, माणसं गेली. त्यानंतर महाराजांनी ती खतं काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली.

हा प्रसंग आपण वैराग्याचा म्हणून ऐकतो. काल मला त्यातली वाटणी जास्त दिसली. महाराजांनी भावाचा वाटा बुडवला नाही. आपला तेवढाच बुडवला. पुन्हा तोच धडा : आपल्याच हातातली बांगडी.

म्हणून मीही आधी पुण्याला बायकोला फोन केला. पैसे आमच्या दोघांच्या संसारातले होते, एकट्यानं सोडून देणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं सूप पोत्यात टाकणं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ती शीट तूच उघडून बसतोस. मी ते पैसे त्याच वर्षी सोडले होते."

शीट डिलीट केली. पण ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, हे मला माहीत आहे. मनात पहिला विचार हाच आला की राहू दे, महिनाभर वेळ आहे. स्वतःचंच हसू आलं. इंद्रायणीला रिस्टोअरचं बटण कुठे होतं? ट्रॅशही रिकामं केलं.

हात हलके झाले, असं लिहायचा मोह होतोय. खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं पोटात खड्डा पडला होता. पावणेदोन लाखांच्या वर रक्कम आहे ती, आमचा हप्ताही चालू आहे. सोडणं नेहमी गोड लागतंच असं नाही.

मग दादाला फोन लावला. शीटबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर "बघ मी सोडले" ही नवी बांगडी हातात आली असती. विचारलं, "रोवणी कुठवर आली?" तो म्हणाला, "पाणी चांगलं हाये, पऱ्हे तयार हायेत, पण बाया मिळत नाहीत. सगळ्यांची रोवणी एकाच वेळी आली." मी म्हणालो, "सोमवारी सुट्टी टाकतो. मी आणि आई येतो." तिकडे थोडा वेळ शांतता. मग हसला, "तू? दोन ओळी लावशील आन् कंबर धरून बसशील." बऱ्याच दिवसांनी असा हसला. पलीकडे वहिनीला सांगताना ऐकू आलं, "बाबू येऊन राहिला."

मधे काहीच वाजलं नाही.

(दादा हे लिखाण वाचत नाही. कधी वाचलंस तर दादा, यावर फोन करू नकोस. कोंबडी मात्र नको, चातुर्मास आहे.)

एक सावधगिरी

यावरून "सगळी येणी सोडून द्या" असा नियम कोणी काढू नये. कोणाची मजुरी अडकली असेल, कोणाला फसवून लुबाडलं असेल, तर त्यानं आपला हक्क मागावा. त्यात अध्यात्माला काही बाध येत नाही. आणि आपण कोणाचं देणं लागत असू तर ते आधी चुकतं करावं. आपलं येणं सोडणं हे पुण्य असू शकतं, दुसऱ्याचं देणं विसरणं नाही. मी बोलतोय ते फक्त अशा येण्याबद्दल, जे वसूल होण्यापेक्षा मनात वाजण्यासाठीच जपलेलं असतं. ते कोणतं, हे ज्याचं त्याला नक्की कळतं.

आजचा अभ्यास

पाऊस आहेच, घरातच असाल. जमेल तेवढं करा.

१. नववा अध्याय काढून कुमारीचा भाग शांतपणे वाचा. शक्य असेल तर घरातल्या कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ते प्रश्न विचारतील, त्याचा फायदा होतो.

२. फक्त स्वतःचा एक खण आवरा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारा.

३. निघालेल्या वस्तूंपैकी निदान एक अशी शोधा, जी कोणाच्या तरी कामाची आहे, आणि ती पुसून, धुऊन, नीट करून द्या. फाटकं देणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी ठेवणं.

४. गच्ची, बाल्कनी, मागचं दार इथे साचलेलं पाणी ओता, भांड्याची कड घासा.

५. रात्री दिवा लावून पाच मिनिटं बसा आणि स्वतःला विचारा : कोणाचं नाव घेतलं की माझ्या मनात आधी हिशोब वाजतो? आज सोडता आलं नाही तरी चालेल. निदान आवाज कुठून येतोय ते ऐका.

प्रार्थना

पांडुरंगा, घरातली अडगळ मला दिसते, मनातली दिसत नाही. दुसऱ्याच्या हाताकडे जाणारी माझी नजर माझ्या हातांकडे वळव. जे वाजतं ते सोडायचं बळ दे, जे राहील ते कोणाच्या तरी ताटासाठी कांडू दे. आणि सोडल्याचा आवाजही होऊ देऊ नकोस.

हे लिहितोय तेव्हा रविवारची रात्र आहे. लाइट आली आहे, झड तशीच आहे. आईनं ते जुनं सूप भिंतीला टांगलंय. उद्या पहाटे आमगावची गाडी धरायची, म्हणून तिनं माझी जुनी हाफ पँट शोधून ठेवली आहे. ती मी काल पोत्यात टाकली होती.

उद्याचा भाग : याच अध्यायातला पुढचा गुरू, बाण घडवणारा कारागीर. कंबर शाबूत राहिली तर लिहीन.

राम कृष्ण हरी.